गावच्या फौजींसाठी नाणं कसं घडवावं

सुट्टीवर आलेल्या फौजीच्या पाकिटात कधी कधी एक जाडसर, रंगीत नाणं दिसतं. ते बाजारात चालत नाही. त्याला चॅलेंज कॉइन म्हणतात. ही चाल मुख्यतः अमेरिकन सैन्यातली. एकाने आपलं नाणं टेबलावर ठेवलं की बाकीच्यांनी आपापलं काढून दाखवायचं. ज्याच्याजवळ नसेल त्याने सगळ्यांच्या पिण्याचे पैसे भरायचे, आणि सगळ्यांजवळ निघालं तर आव्हान देणाऱ्याने. पहिल्या महायुद्धातल्या एका वैमानिकाचा जीव अशा बिल्ल्याने वाचला अशी गोष्ट सांगतात, पण तिला पक्का पुरावा नाही. नाण्याचा अर्थ मात्र पक्का आहे: तू आमच्यातला आहेस.

पुलगावकडच्या आमच्या गावात माजी सैनिकांनी असं नाणं करायचं मनावर घेतलं, तेव्हा चित्र काढायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत चित्रकला शिकवतो. त्यातून जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

आधी ठरवा, नाणं कोणाचं

पलटणीच्या नाण्यावर तिचा बिल्ला आणि ब्रीदवाक्य असतं, आणि बिल्ल्यातल्या प्रत्येक वस्तूला कारण असतं. कामठीला ज्यांचं केंद्र आहे त्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं चिन्ह गरुड, ब्रीद ‘पहला हमेशा पहला’. महार रेजिमेंट 1941 साली उभी राहिली आणि पुढे काही काळ मशीनगन रेजिमेंट होती, म्हणून तिच्या बिल्ल्यात एकमेकींवर आडव्या मशीनगन आहेत, जोडीला खंजीर आणि खाली ‘यश सिद्धि’. गावातल्या एखाद्या जुन्या सुभेदाराजवळ बसा, तो एकेक खूण उलगडून सांगेल.

पण गावातला एक पोरगा गार्ड्समध्ये, दुसरा महारमध्ये, तिसरा सीआरपीएफमध्ये असतो. एकाचा बिल्ला घेतला की दुसरा परका होतो, म्हणून नाणं गावाचंच असू द्या. शिवाय पलटणीचं चिन्ह परवानगीशिवाय वापरू नये. अशोकस्तंभाची सिंहमुद्रा तर वगळाच, 2005 च्या कायद्याने तिच्या वापरावर बंधनं आहेत.

एकच खूण शोधा

माझ्या पहिल्या चित्रात तिरंगा, बंदूक, डोंगर, बैलजोडी आणि मारुतीचं देऊळ, सगळं होतं. कागदावर छान दिसलं. नमुना हातात आला तेव्हा बैल कुठला आणि डोंगर कुठला, काही कळेना.

मग आम्ही पारावर बसून एकच प्रश्न विचारला: तिकडे असताना गावातलं काय आठवतं? एक निवृत्त हवालदार म्हणाले, “रात्रीच्या ड्युटीवर बरफ पाहिला का मले वेचणीतलं वावर दिसे.” कोणी काही बोललं नाही. पुढचं चित्र तिथेच ठरलं: पऱ्हाटीचं एक फुटलेलं बोंड, पांढऱ्या मिन्यात, म्हणजे धातूच्या खाचांत भरतात त्या रंगात. तो पांढरा रंग कापसाचाही आणि बर्फाचाही. असा प्रश्न तुमच्या गावात विचाराच. उत्तर संत्र्याचं झाड निघेल, पोळ्याचं तोरण निघेल, पण ते त्यांच्या तोंडून आलेलं असू द्या.

मागची बाजू जवळजवळ मोकळी ठेवा. गावाचं नाव, तालुका, आणि जवानाचं नाव कोरायला जागा. सर्व्हिस नंबर किंवा नेमणुकीचं ठिकाण कधीही टाकू नका.

कागदावर उतरवताना

आपलं दहा रुपयांचं नाणं 27 मिलीमीटरचं. ही नाणी साधारण 40 ते 50 मिलीमीटर रुंद आणि 3 मिलीमीटर जाड असतात. आम्ही 44 घेतलं. चित्र दहापट मोठं काढा, मग मोबाइलवर खऱ्या मापाएवढं लहान करून हातभर अंतरावरून पाहा. जे दिसत नाही ते खोडा.

सगळ्यात जास्त वेळ अक्षरांना द्या. कारखान्यांना इंग्रजी गोलाईत लिहायची सवय असते. आपली शिरोरेषा गोलाईत वाकते, वरच्या वेलांट्या आणि मात्रा कडेला भिडतात, खालचे उकार चित्रात घुसतात. म्हणून कड आणि शिरोरेषा यांच्यामध्ये मात्रेएवढी जागा सोडा, अक्षर 3 मिलीमीटरपेक्षा लहान करू नका, आणि जोडाक्षर फुटलं नाही ना हे साचा पाडण्याआधी स्वतः तपासा. गावाचं नाव चुकलं तर सगळं वाया.

धातू आणि रंग

पितळेवर ठसा मारून केलेलं नाणं जड आणि रेखीव येतं. जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव काम स्वस्त पडतं, आणि उठाव खोल हवा असेल तर सोयीचं असतं. मऊ मिना धातूच्या रेषांपेक्षा खाली बसतो, त्यामुळे बोटाला चित्र जाणवतं. कडक मिना घासून सपाट करतात. मी मऊ निवडला, कारण अंधारात खिशात हात घातला तरी बोंड बोटाला लागतं. जुनाट झिलई घेतलीत तर खाचा काळ्या राहतात आणि उठाव चमकतो. नाण्याला भोक पाडून घेऊ नका. त्याचं लॉकेट होतं.

द्यायचं कसं

तळहातात लपवून, हस्तांदोलन करताना. एका तळव्यातून दुसऱ्यात. भाषण लागत नाही. 26 जानेवारीच्या झेंडावंदनानंतर देता येईल, पण मला विचाराल तर पोरगा सुट्टी संपवून निघतो तेव्हा बसस्टँडवर द्या. आमच्याकडे नियम असा ठरला की नाणं नसलेल्याने टपरीवर सगळ्यांना चहा पाजायचा.

ऑर्डर देताना साचा आपल्या मालकीचा राहील हे लिहून घ्या. खर्चाचा मोठा भाग साच्याचाच असतो. आमचा साचा त्या हवालदारांच्या लोखंडी पेटीत आहे, आणि त्याच्याजवळ दहा नाणी, मागची बाजू कोरी. सध्या गावातली चार पोरं पहाटे कॅनॉलच्या रस्त्यावर भरतीसाठी पळतात.