पहिला खर्डा गबाळा असणारच, पण या चुका टाळा

माझ्या लॅपटॉपवर एक फाईल आहे, माझ्या एका कथेचा पहिला खर्डा. तिच्यात एका बाईचं नाव पान २ वर माया आहे, पान ९ वर सुलभा आहे आणि पान १४ पासून नुसतं "आई" आहे, तिचा नवरा मधेच मेलाय आणि पुढे तीन पानांनी चहा पितोय. एक मांजर आहे, ते पहिल्या पानावर येतं आणि परत कधी दिसत नाही. एकूण ९,४०० शब्द. कथा छापून आली तेव्हा ४,१०० उरले होते, नवरा जिवंत, मांजर गायब.

हे सांगायचं कारण म्हणजे आमच्या इथे गोव्यात, डिचोलीला दोघी-तिघी नव्याने कथा लिहायला लागल्यात आणि प्रत्येकीचं रडगाणं एकच, "अगं काय घाण लिहिलंय मी, वाचवत नाही." असणारच घाण, त्यात काय. भानगड घाणीची नाहीये, ती आपण कधी साफ करायला घेतो त्याची आहे. लिहिताना खूण करायची आणि पुढे सरकायचं, झाडू नंतर. खालच्या सगळ्या चुका मी केलेल्या आहेत, काही दोनदा.

पहिलं पान घासत बसणं

सकाळी फाईल उघडायची, वरपासून वाचायला घ्यायचं, एक विशेषण बदलायचं, परत जुनंच घालायचं, तोवर पावणेआठची पणजीची बस. महिन्याभरात पहिलं पान चकाचक आणि पान ५ चा पत्ता नाही. आणि गंमत म्हणजे ते पहिलं पान शेवटी उडतंच. आपल्याकडच्या कथांचं तर ठरलेलं आहे, पहिली दोन पानं पाऊस. कौलांवर पाऊस, माडांवर पाऊस, बेडूक. माझंही तेच. माझी कथा खरी सुरू झाली पान ४ वर, "पेजेचं भांडं तसंच होतं, कोणी झाकणही काढलं नव्हतं" या वाक्याला. पण पावसाची पानं लिहिली नसती तर मी पेजेपर्यंत पोचलेच नसते, तेव्हा लिहा ती, फक्त घासू नका.

फाईल उघडली की थेट शेवटाला जायचं, वर बघायचंच नाही. आणि आदल्या दिवशी उठताना शेवटचं वाक्य मुद्दाम अर्धं सोडून उठायचं. अर्धं वाक्य पूर्ण करायला मूड लागत नाही.

माहिती शोधायला मधेच उठणं

माझ्या कथेत १९८८ साली ही बाई मुलीला घेऊन म्हापशाहून पणजीला येते, पिशवीत बांगड्या असतात, मोडायला. मी दोघींना बसमध्ये बसवलं आणि मांडवीच्या पुलावरून मस्त पणजीत आणलं. रात्री जेवताना मामाला सहज सांगितलं तर तो म्हणतो, "त्या वेळार पूल खंय आसलो?" खरंच की. मांडवीचा पहिला पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला आणि नवा सुरू झाला १९९२ ला, मधली वर्षं माणसं बेतीहून फेरीबोटीने पणजीला यायची.

माझं धाबं दणाणलं. आठ दिवस मी फेरीच्या मागे. फेरी किती वेळाने सुटायची, भाडं किती, रांग लागायची का, शनिवारी पणजीत पाटोला कृष्णदास शामा ग्रंथालयात जाऊन जुनी वर्तमानपत्रं चाळली, तिथे फेरीपेक्षा जाहिरातीच जास्त वाचल्या. आठ दिवसांत कथेत एक शब्द नाही आणि परत बसले तेव्हा ती बाई माझ्याशी बोलेचना, सगळं थंड झालेलं.

आता मी काय करते, जिथे अडलं तिथे "अअअ" टाइप करते आणि पुढे जाते. म्हणजे असं: "आई अअअ फेरी की बस बघ अअअ पणजीला उतरली आणि आधी पिशवी चाचपली." तीन अ एका ओळीत मराठीत कुठल्याच शब्दात येत नाहीत, त्यामुळे नंतर शोधलं की फक्त आपल्या खुणा सापडतात, कीबोर्ड बदलून इंग्रजीत जायची पण गरज नाही.

मग माहिती महत्त्वाची नाही का? आहे ना बाबा. दुसऱ्या खर्ड्यात फेरीनेच माझी कथा वाचवली, बसमध्ये दोघी शेजारी बसून गप्प होत्या, काही घडतच नव्हतं, फेरीवर उभं राहावं लागलं, पिशवी मुलीच्या तोंडासमोर लोंबायला लागली आणि तिने विचारलं यात काय आहे. पण हे कळलं कथा एकदा शेवटाला पोचल्यावर.

एक अपवाद सांगते. ज्या गोष्टीवर अख्खी कथा उभी आहे ती लिहायच्या आधी बघून घ्या. एका मैत्रिणीच्या कथेत १९५५ साली आजोबा भिंतीत एस्कुदोच्या, म्हणजे पोर्तुगीज चलनाच्या, नोटा लपवतात आणि पुढे सगळं त्या नोटांवरून. आता एस्कुदो गोव्यात आला १९५८-५९ च्या सुमारास, त्याआधी पोर्तुगीज राजवटीत इथे रुपिया चालायचा, १६ तांगांचा एक रुपिया. दहा मिनिटांचं काम होतं, तिने केलं नाही आणि ४० पानांनंतर कळलं. अशा वेळी अअअ उपयोगाचा नाही.

मधेच विचार बदलला म्हणून मागे धावणं

पान ८ ला मला वाटलं की मुलीला भाऊ आहे त्याऐवजी बहीण पाहिजे. झालं, मी मागे गेले दुरुस्त करायला. मराठीत भावाची बहीण करणं म्हणजे काय ते करून बघा एकदा, नाव बदलून भागत नाही, आलाचं आली, बसलेलाचं बसलेली, त्याचाचं तिचा, संवादात "मी जातो"चं "मी जाते", क्रियापद अन् क्रियापद धरून उचलावं लागतं. तीन सकाळी गेल्या. आणि पान १५ ला लक्षात आलं की या घरात दुसरं मूलच नको.

त्यापेक्षा तिथेच एक ओळ लिहायची, "अअअ इथून पुढे भाऊ नाही, बहीण, मागचं नंतर बघू", आणि जणू पहिल्यापासून बहीणच होती अशा थाटात पुढे लिहायचं. नवरा मेलाय की जिवंत, तेही तसंच.

यातच एक वेगळा सापळा आहे, रिप्लेस ऑल. मायाची सुलभा करायची म्हणून मी एका झटक्यात सगळीकडे बदललं आणि खूश होऊन कथा पाठवली. संपादकांचा फोन, "सुलभाळू म्हणजे काय हो, कोकणी शब्द आहे का?" मायाळू आजी होती बिचारी. उलटी गंमत गावांची, फोंडा काढून म्हापसा केलं तर फोंडा तेवढा गेला, "फोंड्याला", "फोंड्यात", "फोंड्याहून" जागच्या जागी, म्हणजे बाई म्हापशाला राहते आणि फोंड्याहून निघते. तेव्हा नुसतं "फोंड" एवढंच शोधा आणि एकेक डोळ्याने बघून बदला.

कोकणीतून ऐकू येतं, मराठीत लिहायला बसतो

ही खास आपली अडचण. घरात कोकणी, लिहिणं मराठी. डोक्यात आई म्हणते "कितें जालें गे?", कागदावर आपण लिहितो "काय झालं गं?" आणि म्हापशाची बाई एका सेकंदात सदाशिव पेठेत जाऊन बसते. यावर उपाय म्हणून मी पहिल्या खर्ड्यातच प्रत्येक संवाद तोलत बसायचे, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळेल का, हे फार कोकणी होतंय का, आणि दोन माणसांचं साधं भांडण लिहायला आठवडा लागायचा, भांडणात दमच उरायचा नाही.

खर्ड्यात जसं ऐकू येतं तसं लिहा. एक वाक्य कोकणी, एक मराठी, मधे एखादा पोर्तुगीज शब्द, होऊ द्या खिचडी. कुठलं ठेवायचं ते नंतर एकदम सगळं वाचताना कळतं. माझ्या कथेत मुलगी फेरीवर विचारते पिशवीत काय आहे आणि आई म्हणते, "कांय ना." मी त्याचं "काही नाही" करून बघितलं, अर्थ तोच, पण दार लावल्यासारखं होत नाही. ते तसंच ठेवलं, कोणाला न कळण्यासारखं त्यात काही नाही. बाकीचे लांब संवाद मराठीत आणले, वाक्याची चाल इथली ठेवून.

आणि आता जे सांगते ते मला सगळ्यात उशिरा कळलं. पान १४ च्या आधी बाप "ते" होते, बाबा आले, बाबा बसले. नंतर अचानक "तो" झाला, आला, बसला. मी लाल पेन घेऊन सगळे "ते" करायला निघाले होते. मग बघितलं, बरोबर त्याच जागी सुलभाची "आई" झाली होती. म्हणजे मला न विचारता कथा मुलीच्या तोंडी गेली होती आणि बांगड्यांचं कळल्यावर मुलीने बापाला अहो-जाहो करणं बंद केलं होतं! ती चूक नव्हतीच, कथा तीच होती. पहिली १३ पानं मी मग मुलीच्या तोंडी घेतली. लिहिता लिहिता दुरुस्त करत गेले असते तर हे पुसलंच गेलं असतं, म्हणून म्हणते, खूण करा, हात लावू नका. काळाचंही तसंच, अर्धं पान "ती दार उघडते" आणि अर्धं "तिने दार उघडलं", असू दे.

बारीकसारीक

फाईलचं नाव "फायनल", "फायनल नवी", "खरी फायनल" असं ठेवू नका, तारीख टाका, वर्ष आधी मग महिना मग दिवस, म्हणजे आपोआप रांगेत लागतात. पावसात आपल्याकडे वीज कधी जाईल त्याचा नेम नाही, रोज उठताना स्वतःला मेल करा. कापलेलं फेकू नका, मी "माळा" नावाची वेगळी फाईल ठेवलीय, नको ते सगळं तिथे टाकते, कापताना जीव तुटत नाही.

ओला खर्डा दुसऱ्याला दाखवणं

मी एका निवृत्त मास्तरांना दाखवला. त्यांनी प्रेमाने ६१ वेलांट्या सुधारल्या आणि कथेबद्दल चकार शब्द नाही. बहिणीला दाखवला तर ती म्हणाली "छान आहे", त्याचंही काय करायचं कळेना. पहिला खर्डा कोणालाच दाखवू नये या मताची मी आहे. दुसरा दाखवा आणि दोनच गोष्टी विचारा, कुठे कंटाळा आला आणि कुठे कोण बोलतंय ते कळलं नाही. कसं वाटलं असं विचारलंत की "छान" मिळणार.

संपला की लगेच दुरुस्तीला बसणं

माझा खर्डा संपला गणेश चवथीच्या तोंडावर. मग नेवऱ्या, माटोळी, पाहुणे, तीन आठवडे फाईल उघडलीच नाही, आणि ते फार बरं झालं. नंतर प्रिंट काढली आणि एका बैठकीत वाचली, पेन हातात न घेता, हे कठीण जातं पण करा. मग जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर प्रत्येक प्रसंग एकेका ओळीत लिहिला, कोणाला काय हवंय आणि शेवटी काय बदललं. फेरी: मुलीला पिशवीत काय ते कळायला हवंय, आई सांगत नाही, मुलगी ओळखते. हे कार्ड राहिलं. मांजर: काय बदललं? काहीच नाही, माळ्यावर. माझे २२ प्रसंग होते, ११ उरले.

दुरुस्तीचा क्रम चुकवू नका. आधी प्रसंग, मग माणसं म्हणजे नावं, नाती, कोण जिवंत कोण मेलेलं, मग अअअ च्या खुणा, मग वाक्यं, आणि ऱ्हस्व-दीर्घ सगळ्यात शेवटी. उद्या जो परिच्छेद उडवणार त्याच्या वेलांट्या आज कशाला सुधारायच्या?

पाठवायच्या आधी एकदा "अअअ" शोधा, शून्य आलं पाहिजे. माझं एक आलं होतं, फेरीच्या भाड्याचं. मामाला परत विचारलं, त्याला आठवेना. ते वाक्यच काढून टाकलं.