निशिगंधाचे कंद : पाणी कधी तोडायचे, गड्डे कधी फोडायचे

निशिगंधाचा (गुलछडीचा) एक कंद आयुष्यात एकदाच फुलतो. दांडा येऊन गेला की त्याचे काम संपले. पुढची फुले त्याच्या कडेने सुटलेल्या पिल्लांना येतात. दुसऱ्या वर्षी दांडे भरपूर मिळतात ते त्यामुळेच. पण तिसऱ्या वर्षापर्यंत एकेका ठोंबात इतकी गर्दी होते की दांडे आखूड राहतात, फुले बारीक पडतात. तीन वर्षांनंतर खोडवा (त्याच लागवडीचे पुढचे पीक) ठेवू नये, गड्डे काढावेत.

काढणीची वेळ झाडच सांगते. फेब्रुवारीत थंडी ओसरली की पाणी तोडावे. पाने पिवळी पडून वाळली की, साधारण मार्चमध्ये, खणायला घ्यावे. पाने हिरवी असताना काढलेला कंद पोसलेला नसतो, तो साठवणीत सुरकुततो किंवा सडतो. खणताना कुदळ ठोंबापासून वीतभर लांब मारावी, कारण कापलेल्या कंदात बुरशी हमखास शिरते.

माती झटकून गड्डे हातानेच फोडावेत. मध्ये वाळलेल्या दांड्याचा खुंट असलेला जुना कंद फेकून द्यावा. तो कितीही जाड दिसला तरी लावायचा नाही. पुष्कळ जण नेमके इथेच फसतात. बाजूचे टणक, चातीसारखे निमुळते, २५ ते ३० ग्रॅमचे कंद लागवडीला घ्यावेत. सुपारीपेक्षा लहान असतील ते वेगळे ठेवावेत. जुनी मुळे आणि पानांचे वाळके बुडखे छाटून टाकावेत.

आता घाई नको. ताजे कंद लगेच लावले तर उगवण मागेपुढे होते. त्यांना तीन-चार आठवडे विश्रांती द्यावी : सावलीत, हवेशीर जागी, पातळ थरात पसरून. दर तीन-चार दिवसांनी वरखाली करावेत. पोत्यात बांधून ठेवले की आतून तापतात आणि कुजतात.

लागवड एप्रिल-मेमध्ये करावी. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावलेले कंद तीन-साडेतीन महिन्यांत दांडे देऊ लागतात, म्हणजे गणपती-नवरात्राचा बाजार सापडतो. लावण्यापूर्वी १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम कॅप्टन हे बुरशीनाशक कालवून कंद २० मिनिटे बुडवावेत आणि सावलीत निथळू द्यावेत. हातमोजे घालायला विसरू नये.

३० × ३० सेंमी अंतर धरले तर गुंठ्याला सुमारे १,१०० कंद, म्हणजे २८ ते ३३ किलो बेणे लागते. कुजलेले शेणखत ४०० ते ५०० किलो घालावे. सिंगल सुपर फॉस्फेट साडेनऊ किलो आणि म्युरेट ऑफ पोटॅश सव्वातीन किलो लागवडीलाच द्यावे. युरिया सव्वाचार किलो, पण तीन हप्त्यांत : लागवडीवेळी, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी. माती परीक्षण केले असेल तर अर्थात त्याचेच आकडे धरावेत.

जमीन आधी भिजवून वाफशावर (ओलसर पण चिखल नसलेल्या मातीत) कंद ५ ते ७ सेंमी खोल, शेंडा वर करून लावावा. भारी काळ्या जमिनीत याहून थोडा उथळ चालेल, पण तिथे सरी-वरंबा हवाच. त्यानंतर कोंब दिसेपर्यंत पाणी आवरते घ्यावे. मुळे नसलेला कंद पाणी पीत नाही, नुसता भिजत राहतो, आणि अशा वाफ्यात उगवणीत खाडे पडतात.

काढलेल्या मुळांवर गाठी दिसल्या तर तो सूत्रकृमीचा (मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म जंतांचा) प्रादुर्भाव. अशा प्लॉटमधले कंद बेण्याला घेऊ नयेत आणि त्याच जागी पुन्हा निशिगंध लावू नये. टोमॅटो, वांगी, भेंडी यांवरही तो वाढतो, त्यामुळे ती पिकेही तिथे टाळावीत. एक हंगाम झेंडू घ्यावा. पुढच्या लागवडीआधी गुंठ्याला १० किलो निंबोळी पेंड मातीत मिसळावी.

बाजूला ठेवलेले बारीक कंद टाकू नका. ते १० × १० सेंमीवर वेगळ्या वाफ्यात लावावेत. पहिल्या वर्षी त्यांना बहुधा फूल येत नाही, पण पुढच्या मार्चपर्यंत ते बेण्याच्या वजनाला येतात.