जमिनीखालच्या मजल्याने सुटलेला केबलींचा गुंता

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या संगणकीय खेळात मी मॉड, म्हणजे खेळाडूंनी बनवलेल्या जोडण्या, वापरतो. तेथील माझ्या तळावर ‘अप्लाइड एनर्जेटिक्स २’ या मॉडची साठवणयंत्रणा वाढू लागली, तशा केबली भिंतींवरून मोकळ्या धावू लागल्या आणि काही यंत्रे चॅनेलअभावी, म्हणजे यंत्रणेशी जोडले जाण्यासाठी उपकरणाला केबलीत लागणारी जागा न उरल्याने, बंद पडू लागली. दोन्ही अडचणींचे मूळ एकच होते: साध्या केबलीतून फक्त ८ चॅनेल जातात, जाड केबलीतून मात्र ३२.

म्हणून मी मुख्य दालनाखाली, उभे राहून काम करता येईल इतक्या उंचीचा सेवामजला खोदला. कंट्रोलर, म्हणजे चॅनेल पुरवणारा मध्यवर्ती ठोकळा, तेथे हलवला, त्याच्या एकेका बाजूने जाड केबल काढली आणि प्रत्येक खोलीसाठी साधी केबल वर नेली. एका खोलीत ८ पेक्षा अधिक चॅनेल लागणारी उपकरणे ठेवायची नाहीत, हा नियम इतका उपयोगी ठरला की खोल्यांचे आकारही त्यावरूनच ठरले. केबल भिंतीतून जाते तेथे त्याच भिंतीच्या दगडाचे फसाड, म्हणजे केबल झाकणारे पातळ आवरण, लावले. आता जोड शोधूनही सापडत नाही, आणि हे काम मला सर्वांत प्रिय आहे.

फरशीत ग्लोस्टोन हे उजेड देणारे ठोकळे बसवून त्यावर गालिचे अंथरले. गालिचा प्रकाश अडवत नाही, १.१८ आवृत्तीपासून झॉम्बीसारखे शत्रू प्रकाशपातळी ० असेल तेथेच उपजतात, त्यामुळे मशालींची गर्दीही हटली.