आयडलिंगची थरथर आणि तडकलेला होज

माझ्या २००५ च्या टर्बो पेट्रोल गाडीचं आयडलिंग बिघडलं होतं. सिग्नलला थांबलं की आरपीएमचा काटा ७०० ते १००० मध्ये वरखाली आणि स्टिअरिंग थरथरायचं. हायवेला मात्र गाडी लोण्यासारखी! प्लग बदलले, प्लगना ठिणगी देणाऱ्या कॉइल्स अदलाबदल करून पाहिल्या, फरक शून्य.

मग स्कॅनर लावला. कोड पी०१७१, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. खरा धागा मिळाला तो फ्युएल ट्रिममध्ये, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय-घटवतोय त्या आकड्यात. आयडलला अधिक १९ टक्के, २५०० आरपीएमला जेमतेम ४. पेट्रोल पंप कमजोर असता तर लोड आल्यावर आकडा वाढला असता. इथे उलट होतं, म्हणजे हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरच्या पुढे कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरत होती. कॉइलवर पैसे घालण्याआधी हे दोन आकडे बघाच, कळकळीने सांगतोय.

स्मोक टेस्ट केली, म्हणजे इनटेकमध्ये धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते पाहिलं. इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या) खालून धुराची बारीक रेघ निघाली. क्रँककेसचा ब्रीदर होज (इंजिनाच्या पोटातली वाफ इनटेककडे नेणारी रबरी नळी) तेल पिऊन मऊ पडला होता, बोटाने दाबताच भेग उघडली. नवा होज, दोन क्लिपा, काम अर्ध्या तासाचं, पण हात घालायला जागा नाही.

कोड पुसला. ट्रिम आता अधिक ३, काटा ८०० वर ठाम.