या चुका टाळा : तापाचा रंग, हत्याराचे पाणी आणि जस्ताचा धूर

हौसेने लोहारकाम शिकायला माझ्याकडे येणारी बहुतेक मंडळी भट्टी अंगणात, भर उन्हात मांडतात, आणि पुढच्या निम्म्या चुका या एका चुकीतून निघतात. लोखंड किती तापले हे लोहार रंगावरून ओळखतो. पण उन्हात तो रंग फिका दिसतो. सावलीत जे लोखंड लख्ख नारिंगी दिसले असते ते उन्हात जेमतेम लाल वाटते, म्हणून माणूस ब्लोअर वाढवतो आणि लोखंड गरजेपेक्षा दोनशे अंशांनी अधिक तापते. माझी भट्टी घराच्या मागच्या बाजूला, तिन्हीकडून झाकलेल्या पत्र्याच्या पडवीत आहे. धूर जाण्यासाठी वर धुराडे आहे, आणि ऐरणीवर थेट ऊन कधीच येत नाही.

हत्याराला पाणी देताना, म्हणजे पोलाद तापवून झटकन थंड करून कडक करताना, ही चूक सर्वांत महाग पडते. आमच्या बेळगाव भागात ऊस भरपूर, त्यामुळे नवशिक्याला पहिल्यांदा कोयताच करावासा वाटतो, आणि त्यासाठी तो उद्यमबागेच्या बाजूच्या भंगारवाल्याकडून ट्रकचा जुना कमानपाटा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगची पट्टी, आणतो. पोलाद म्हणून ही निवड चांगली आहे. त्यात साधारण ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो, तर गेट आणि ग्रिलच्या साध्या लोखंडात तो पाव टक्क्यापेक्षाही कमी असल्याने त्याला धारेपुरते पाणी चढत नाही. मात्र कमानपाट्याचे पोलाद तेलात विझवायचे असते. पाण्यात ते इतक्या झटक्याने थंड होते की आतल्या ताणानेच त्याला तडा जातो.

माझ्या नात्यातल्या एका मुलाने चार रविवार घालवून असा कोयता घडवला. घडण सुरेख होती, पाठ सरळ, नाकाचा बाक अगदी योग्य. पाचव्या रविवारी मी येईपर्यंत तो थांबला नाही. दुपारच्या उन्हात त्याने पाते पिवळे होईपर्यंत तापवले आणि बादलीभर विहिरीच्या पाण्यात बुडवले. ‘टिंग’ असा बारीक आवाज आला होता, हे त्याने मला नंतर सांगितले. संध्याकाळी मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “काका, कानस नुसती घसरतेय बघा, एकदम कडक झालाय.” कानस घसरली म्हणजे पाणी चढले, एवढे खरे, पण मी पाते उजेडात धरून तडा शोधायला हवा होता आणि टेंपरिंग, म्हणजे ठिसूळपणा घालवण्यासाठी पाते पुन्हा मंद तापवणे, झाले का हेही विचारायला हवे होते. मी दोन्ही केले नाही. तिसऱ्या दिवशी उसाच्या फडात पात्याचा चंद्रकोरीएवढा तुकडा उडाला आणि तोडणाऱ्या माणसाच्या नडगीत घुसला. टाके पडले, डोळ्याला लागला असता तर काय झाले असते, हा विचार आजही माझी पाठ सोडत नाही. तुटलेल्या तोंडावर साखरेसारखे जाड, चमकणारे कण दिसत होते, आणि पोलाद फाजील तापल्याची याहून स्पष्ट खूण नाही. नीट पाणी दिलेल्या पोलादाचे तोंड राखाडी आणि मखमलीसारखे बारीक दिसते.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. जुन्या लाउडस्पीकरचे चुंबक मी तारेने भट्टीशेजारी टांगून ठेवले आहे. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोखंड चुंबकाला चिकटेनासे होते. तिथून रंगाची एक छटा वर चढू द्यायची आणि मग पाते सरळ उभे, न हलवता तेलात सोडायचे. तेल आधी हाताला सोसवेल त्याहून थोडे अधिक गरम केलेले असावे, आणि तेलाच्या भांड्याला लोखंडी झाकण असावे, कारण भडका उडतोच. पाणी देण्यापूर्वी पाते तीन वेळा लाल करून हवेतच निवू देतो, त्याने जाड झालेले कण पुन्हा बारीक होतात. विझवल्यानंतर त्याच दिवशी टेंपरिंग करतो, दुसऱ्या दिवसावर कधीच टाकत नाही. पाते घासून पांढरे करावे आणि पाठीकडून मंद उष्णता द्यावी. गवती पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा असे रंग धारेकडे सरकत येतात. कोयत्याला दणके बसतात, म्हणून त्याची धार मी जांभळ्यापर्यंत, म्हणजे सुमारे २७५ अंशांपर्यंत उतरवतो. मला हे दाखवणारे खानापूरकडचे वृद्ध लोहार मराठी गिऱ्हाइकांचे ‘मामा’ आणि कन्नड गिऱ्हाइकांचे ‘कम्मार’ होते. त्यांनी हे काम कधी दिवस मावळण्यापूर्वी केले नाही. तीन मिनिटांच्या व्हिडिओत टेंपरिंगचा हा अर्धा तास कापलेला असतो, आणि तेवढेच पाहून आलेल्या माणसाला थांबवणे मला फार जड जाते.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. लाली गेलेल्या लोखंडावर घाव घालू नये. पुन्हा भट्टीत घालावे. सुरुवातीला घण घेऊ नये, किलोभराचा हातोडा पुरेसा असतो. सांडशीची पकड तुकड्याला बसत नसेल, तर आधी सांडशी दुरुस्त करावी. नायलॉनचे कपडे घालू नयेत. लोखंडातून फुलबाजीसारख्या ठिणग्या निघू लागल्या की ते जळत आहे असे समजून लगेच बाहेर काढावे. जळालेला भाग कापून टाकण्याखेरीज त्यावर इलाज नाही. आमच्याकडच्या पावसाळ्यात ओल धरलेला दगड भट्टीच्या तोंडाशी रचू नये, कारण आतल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो.

जस्ताबद्दल मात्र मला थोडे अधिक बोलावे लागेल. दिवा, पक्षी, झाड अशा शोभेच्या वस्तू करणारे कलाकार जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप फुकट मिळतो म्हणून थेट भट्टीत घालतात. त्यावरचा जस्ताचा थर ९०७ अंशांना उकळतो, आणि घडाईचा ताप त्याहून वरचा असतो. निघणारा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी, बहुधा रात्री, थंडी वाजून ताप येतो, अंग मोडते, तोंडाला गोडसर धातूची चव येते. माणूस त्याला फ्लू समजतो, एक-दोन दिवसांत बरा होतो आणि पुढच्या रविवारी तोच पाइप पुन्हा तापवतो. मी जीआयचा तुकडा पडवीत येऊच देत नाही. घ्यायचाच असेल, तर तो व्हिनेगरमध्ये बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावा, आतली बाजूही तपासावी आणि त्यानंतरही तो उघड्या हवेतच तापवावा. गूळ खाल्ला की धूर बाधत नाही, असे अनेक वर्कशॉपमध्ये सांगतात आणि आमच्या भागात गूळ घरोघरी असल्याने ते लगेच पटतेही. परंतु गूळ पोटात जातो आणि धूर फुप्फुसात, त्यामुळे त्या भरवशावर कोणीही जस्त तापवू नये.