मातीच्या प्राण्याला खऱ्या माणसाचा आवाज कसा द्यावा

संवाद लिहायला बसू नका. मातीचा प्राणी थोडाथोडा हलवत, दर वेळी फोटो काढत केलेल्या या प्रकारच्या ॲनिमेशनमधली सगळी गंमत न लिहिलेल्या बोलण्यात असते. ब्रिस्टलच्या आर्डमन या ॲनिमेशन स्टुडिओत दिग्दर्शक निक पार्क यांनी १९८९ साली ‘क्रीचर कम्फर्ट्स’ ही फिल्म केली, तेव्हा साध्यासुध्या लोकांची राहत्या जागेबद्दलची उत्तरं ध्वनिमुद्रित करून प्राणिसंग्रहालयातल्या मातीच्या प्राण्यांच्या तोंडी घातली. ब्रिटनची थंडी आणि अपुरी जागा यांना वैतागलेला ब्राझीलचा विद्यार्थी त्यात मांजरकुळातलं दांडगं जनावर होऊन बोलतो. पाचेक मिनिटांच्या त्या फिल्मला ऑस्कर मिळालं.

१. आवाज मिळवा. पंखा बंद, फोन जवळ. आवाज प्राण्याच्या तोंडी जाणार हे आधी सांगा. माणूस हो म्हणाला तरच पुढे जा. मग घराचा विषय काढा: पाणी किती वाजता येतं, शेजार कसा आहे. ‘पाणघोडा असल्यासारखं बोला’ असं चुकूनही सांगू नका, समोरचा लगेच अभिनय करायला लागतो.

२. तीस सेकंदांचा तुकडा निवडा. तुमचे प्रश्न कापा. ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मधले श्वास राहू द्या.

३. प्राणी आवाज ऐकल्यावर ठरवा. ‘पाणी काय, आलं तर आलं’ म्हणणारे आजोबा पाणघोड्यालाच शोभतात.

४. तोंड हलवा. मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथे. प्रत्येक अक्षराला वेगळं तोंड बनवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो पाळलात तर प्राणी बोलत नाही, रवंथ करतो. मातीची आठ तोंडं पुरतात: मिटलेलं, किंचित उघडं, ‘आ’चं, रुंद ‘ई’चं, गोल ‘ओ’चं, चंबू ‘उ’चं, खालच्या ओठावर दात टेकलेलं आणि जीभ वर गेलेलं.

सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रं; एक पोझ, म्हणजे एक फोटो, दोन फ्रेम टिकतो. म्हणजे तीस सेकंदांना ३६० फोटो. संगणकावर आवाज फ्रेम-फ्रेम पुढे सरकवत, कुठल्या फ्रेमला कुठला आवाज आणि कुठलं तोंड, याचा कागदावर तक्ता करा. त्यात शुद्धलेखन नको, कानाला पडतं ते लिहा. माणूस ‘माहीत आहे’ म्हणत नाही, ‘माहितेय’ म्हणतो. तोंडही तेवढंच हलायला हवं.

प, ब, भ, म आले की ओठ पूर्ण मिटलेच पाहिजेत, निदान दोन फ्रेम. बोलणं भरभर असेल तर शेजारच्या स्वराच्या फ्रेम कापून घ्या, पण ओठ मिटवा. बाकीची व्यंजनं गाळलीत तरी चालतात. उघड्या तोंडातून आलेला ‘म’ मात्र लगेच खटकतो. तोंड आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी हललं तर खपतं, मागे राहिलं तर अजिबात नाही.

‘अं’ला तोंड जवळजवळ स्थिर ठेवा आणि नजर बाजूला न्या. माणूस शब्द शोधताना तेच करतो. शब्दागणिक हातवारे करायला लावू नका.

५. खिडकी झाकून एकाच दिव्यावर शूट करा. फोन स्टँडला घट्ट, फोकस आणि एक्सपोजर (फोटोतला उजेड) लॉक.

६. आवाज जोडा. पार्श्वसंगीत नको, ते बोलण्यातले बारकावे खाऊन टाकतं. तयार फिल्म सगळ्यांत आधी आवाज देणाऱ्याला दाखवा, आणि एखादं वाक्य नको म्हणाला तर काढून टाका.