परभक्षी कोळ्यांची बाटली मागवण्याआधी

गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) आवरायला परभक्षी कोळी, म्हणजे त्यांना खाणारे कोळी, सोडायचे ठरले, तर ऑर्डर सगळ्यात शेवटी द्यायची. आधी फवारणीची वही काढा. मागच्या दोन-अडीच महिन्यांत सायपरमेथ्रिन किंवा लॅम्डा सायहॅलोथ्रिनसारखे पायरेथ्रॉइड गटातले कीटकनाशक मारले असेल, तर थांबा. त्याचा पानावरचा अंश कित्येक आठवडे परभक्षी कोळ्याला मारत राहतो. अबामेक्टिन या कोळीनाशकानंतर किमान दोन आठवडे जाऊ द्या. कीटकनाशके सगळ्यांच्या लक्षात राहतात, घात होतो तो बुरशीनाशकांनी. भुरीसाठीचे गंधक आणि डाऊनीसाठीचे (केवडा रोग) मॅन्कोझेब या कोळ्यांना बाधते. तेव्हा पुढे भुरी आली तर काय मारणार, हे आजच ठरवा आणि काय चालते याचा तक्ता पुरवठादाराकडून लेखी घ्या. फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे आधीच टांगलेले असू द्या, नाहीतर आठवड्याभरात हात पुन्हा फवारणीच्या पंपाकडे जातो.

२० पटींचे भिंग हवेच. पान उलटून मुख्य शिरेलगत बघा. लाल कोळी एका जागी बसून रस शोषतो. परभक्षी चकचकीत, पुढे निमुळता, लांब पायांचा असतो आणि सारखा धावत असतो. रंगावर जाऊ नका, भक्ष्याप्रमाणे तो फिकट ते केशरी दिसतो. खरी ओळख अंड्यावरून पटते: लाल कोळ्याचे मोत्यासारखे गोल, परभक्षीचे लांबट आणि जवळपास दुप्पट मोठे. दर गादीवाफ्यावरची दहा-बारा पाने तपासा आणि जास्त लागण असलेल्या झाडांना रिबन बांधा. जाळी धरून पाने तपकिरी पडली असतील तर वेळ गेलेली आहे. तिथे आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची खालची बाजू धुऊन कोळी कमी करा आणि पानांवरचे पाणी सुकल्यावरच परभक्षी सोडा. एका परभक्षीमागे १० ते २० लाल कोळी, याहून गणित बिघडले तर ते पुरे पडत नाहीत.

जात कोणती, हेही विचारून घ्या. परदेशी व्हिडिओंमध्ये दिसतो तो बहुधा फायटोसियुलस पर्सिमिलिस. त्याला २० ते २७ अंश आणि दमट हवा लागते, आपल्याकडच्या एप्रिलच्या दुपारी तो टिकत नाही. निओसियुलस लाँजिस्पिनोसस इथलाच आहे, आपल्याकडे तोच आधी पाहावा. ओलावा मात्र दोघांनाही हवा. आर्द्रता ६० टक्क्यांखाली राहिली की अंडी सुकतात. आर्द्रतामापक दाराशी नको, झाडांच्या उंचीवर सावलीत टांगा. फॉगर (पाण्याचे बारीक धुके सोडणारे यंत्र) दुपारी थोडा थोडा चालवा, पण रात्री पाने ओली राहू देऊ नका. डाऊनी त्याचीच वाट बघत असते.

१० गुंठे म्हणजे साधारण १,००० चौरस मीटर. लागण हलकी असेल तर चौरस मीटरला १० या हिशेबाने १०,००० कोळी लागतील. ते दोन हप्त्यांत, सात ते दहा दिवसांच्या अंतराने घ्या. रिबनच्या झाडांसाठी जास्तीचे वेगळे मोजा. माल येईल त्याच दिवशी संध्याकाळी माणसे मोकळी ठेवा. ठेवावाच लागला तर बाटली आडवी, ८ ते १० अंशांना, फार तर एक दिवस. घरचा फ्रीज याहून थंड असतो. त्यापेक्षा थर्मोकोलच्या डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेला बर्फाचा पॅक ठेवा, बाटलीला तो टेकू देऊ नका.

सोडण्याआधी बाटलीतला, कोळी मिसळलेला चिमूटभर भुसा पांढऱ्या कागदावर टाकून अर्धा मिनिट बघा. धावपळ दिसली नाही तर तिथल्या तिथे पुरवठादाराला फोटो पाठवा. कोळी झाकणाकडे जमतात, म्हणून बाटली हळूच फिरवत राहा, हलवून आपटू नका. भुसा बेंडिंग केलेल्या, म्हणजे वाकवून ठेवलेल्या, खालच्या फांद्यांच्या पानांवर टाका. फुलांच्या दांड्यांवर टाकलेले कोळी तोडणीबरोबर बाजारात जातात. त्या आठवड्यात खालची पाने काढू नका. वहीवर पूर्ण भरवसा नसेल तर पहिल्या हप्त्यातले थोडे कोळी पाच झाडांवर सोडा आणि दोन दिवसांनी भिंग लावा. धावणारे कोळी दिसले नाहीत, तर पानांवर अजून काहीतरी शिल्लक आहे. दुसरा हप्ता पुढे ढकला.